दोन चोरट्या गोळ्या

डेअरीच्या नव्या पाटीवरचं पहिलंच अक्षर थरथरलेलं दिसलं, आणि रफूवालीच्या मनात पाल चुकचुकली. रस्त्यावरून शंभर माणसं ये-जा करत होती, कुणाला काही खटकलं नाही. डेअरीवाला स्वतः कमरेवर हात ठेवून पाटीकडे लेकाच्या लग्नात बघावं तसा बघत होता. पण रफूवालीची नजर ती रफूवालीची. कोटाच्या बाहीवरचं मोहरीएवढं भोक तिला दहा पावलांवरून दिसायचं, आणि ते सिगारेटमुळे पडलं, खिळ्यामुळे पडलं की भांडणात पडलं, हेही ती सांगायची. काही नवरे कोट रफूला पाठवण्याऐवजी सरळ फेकून देत, ते उगाच नाही.

पाटी रंगवणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, म्हणून तर पाल जरा जास्तच चुकचुकली. बाजारात त्याला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत. पट्टी न लावता, दोरी न मारता तो हातभर रेघ अशी ओढायचा की पैज लावणारे गप्प बसायचे. बहिणीचं लग्न झालं नव्हतं आणि भावाचं टिकलं नव्हतं. अशी दोन माणसं एका छपराखाली राहिली की शेजाऱ्यांना दुसरी करमणूक लागत नाही.

पण ह्या घरानं एकदा करमणुकीच्याही पलीकडचं काहीतरी दाखवलं होतं. चार वर्षांपूर्वी ह्याच फूटपट्टीनं तीन दिवस डोळ्याला डोळा न लावता रस्त्यावरची एकोणीस शटरं रंगवून काढली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येक शटरवर एक उगवता सूर्य, बँकेच्या शटरवर दोन. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग तो दिव्याच्या खांबावर चढून ‘आता वरूनच रंगवतो’ म्हणायला लागला, तेव्हा टाळ्या थांबल्या आणि शिडी आणायची पळापळ सुरू झाली. खाली उतरला तो असा उतरला की पुढचे दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. चढला होता तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं, उतरला तेव्हा उंबरठाही डोंगराएवढा झाला.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं बायपोलर आणि औषधाचं नाव सांगितलं लिथियम. रफूवालीनं आजाराला ‘चढ-उतार’ म्हटलं आणि औषधाला ‘पांढरी’. सकाळी एक पांढरी, संध्याकाळी एक पांढरी. तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. पाणी भरपूर प्यायचं. दारू नाही, नशेची कुठलीही वस्तू नाही. आणि डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली करून दोघांकडे आळीपाळीनं बघत सांगितलं होतं, “मला विचारल्याशिवाय नवीन काही पोटात जाता कामा नये. डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही.”

पांढरीनं फूटपट्टीचा हात अगदी किंचित कापायला लागला. त्यावर त्यानं उपाय काढला. टोकाला कापडाचा गोळा बांधलेली एक काठी फळीवर टेकवायची, त्या काठीवर मनगट ठेवायचं आणि ब्रश चालवायचा. चार वर्षं त्या काठीच्या आधारानं रेघ सरळ होती. रात्री झोप होती, ताटात जेवण होतं, गिऱ्हाईक होतं. मग आताच अक्षर का थरथरावं?

“गोळ्या चुकवतोय,” रफूवाली स्वतःशी म्हणाली. तिनं डबा काढला आणि गोळ्या मोजल्या. बरोबर निघाल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा बरोबर. तिला जास्तच संशय आला. भाऊ आंघोळीला गेल्यावर तिनं त्याच्या शर्टाचे खिसे उलटे केले, उशीखाली बघितलं, खिडकीतल्या कुंडीतली माती काडीनं उकरली. सकाळी गोळी गिळल्यावर ती म्हणाली, “आ कर.”

“ताई, मी काय घोडा आहे?”

“घोडा परवडला. जीभ वर कर.”

त्यानं जीभ वर केली. खाली काही नव्हतं.

मग संशयाची सुई फिरली ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे. हा माणूस दुकानात कमी आणि दुकानाच्या पायरीवर जास्त असायचा. रस्त्यावर कुणाला खोकला झाला हे त्याला खोकणाऱ्याच्या आधी कळायचं.

“भाऊ, ह्या पांढऱ्या गोळ्या खऱ्या आहेत ना?” रफूवालीनं त्याला सरळच विचारलं.

“म्हणजे? खोट्या गोळ्या कशा असतात?”

“खडूच्या असतात.”

“ताई, खडू महाग झालाय, मला गोळ्याच स्वस्त पडतात.” औषधवाला हसला, पण त्याचेही कान टवकारले होते. “काय झालं? पेंटर पुन्हा चढायला लागला की काय?”

“तुमच्या तोंडाला काय लागतं हो चढायला?” म्हणून ती तणतणत निघून आली. पण तो शब्द तिच्या पदराला चिकटून घरापर्यंत आला.

कारण चिन्हं तशीच होती. गेले दोन शनिवार फूटपट्टी संध्याकाळी लाइटवाल्याबरोबर बाहेर गेला होता. लाइटवाला म्हणजे समारंभांना रंगीत दिवे आणि मोठाले स्पीकर भाड्यानं देणारा. बोलायला गोड, नजर मात्र सदा दुसरीकडे. त्याच्या पोस्टरांची कामं फूटपट्टी करायचा. शनिवारी तो जाऊन आला की रविवारभर स्वारी खुशीत. शीळ घालतोय, बहिणीला हाताला धरून स्वयंपाकघरात गोल फिरवतोय, शिंप्याच्या म्हाताऱ्या आईला ‘सुंदरी’ म्हणतोय. (ती म्हातारी त्यानंतर आठवडाभर रोज दारात बसली, ते सोडा.) आणि मंगळवारी हाच माणूस ब्रश हातात धरून तासभर कोऱ्या फळीकडे बघत बसलेला. पाणी मात्र तांब्यावर तांब्या.

अशात तिला रंगाच्या पेटीत चांदीच्या कागदाची एक घडी सापडली. आत काही नव्हतं, नुसती चिमूटभर गुलाबी भुकटी. रफूवालीला पांढऱ्याच्या अकरा छटा ओळखता यायच्या. ही पांढरी नव्हती, हे तिनं तत्काळ ठरवलं. रंगही नव्हता. महिन्याभरात त्यानं गुलाबी डबा उघडलाच नव्हता, झाकणावर धूळ तशीच होती. तिनं भुकटी बोटावर घेतली, उजेडात धरली, आणि सगळ्या धाग्यांची गाठ तिच्या डोक्यात एकदम बसली.

पावडर! बाईच्या गालाची पावडर!

हात्तिच्या. म्हणजे बाई आहे तर. म्हणून शीळ, म्हणून नाच, म्हणून मंगळवारचा विरह. चार वर्षांपूर्वीही आधी गाणंच सुरू झालं होतं, शटरं नंतर आली. प्रेमात पडला काय आणि चढायला लागला काय, हिच्या लेखी एकच. गोळ्या तर मोजून बरोबर होत्या. मग उरलं काय? गोळी कमी पडतेय, दुसरं काय!

आता इथं रफूवालीच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. भोक बुजवून झालं तरी ती कडेला एक टाका जास्त घालायची. तिच्या गुरूणीनं तिला शिकवलं होतं, संशय आला की एक टाका जास्त, कापड कधी तक्रार करत नाही. तीस वर्षांत एका कोटानं तक्रार केली नव्हती.

तिनं औषधवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर आणखी एक पाकीट घेतलं.

“महिन्याचं परवाच नेलंत की!” औषधवाल्यानं डोळे बारीक केले.

“उंदरानं नेलं.”

“उंदराला चढ-उतार आहे?”

“आहे. आणि तो औषधवाल्यांना चावतो.”

त्या दिवसापासून संध्याकाळच्या दुधात साखरेबरोबर एक पांढरी कुटून पडायला लागली. फूटपट्टीला दूध खारट लागलं. “ताई, साखर आणि मीठ एका बरणीत ठेवतेस का?” “जिभेचे चोचले पुरे. पी.” डब्यातल्या गोळ्यांचा हिशेब बरोबरच राहिला, कारण ही जास्तीची गोळी वेगळ्या डबीत, बटणांखाली होती. बहिणीच्या मनाला जरा स्वस्थता आली. आठ दिवस गेले. मधे पुन्हा एक शनिवार आला, भाऊ बाहेर गेला आणि भिजल्यासारखा घामेजून परत आला. तिनं शर्टाचा वास घेतला. अत्तर नाही, दारू नाही, नुसता घाम. “कसली बाई आहे ही,” तिच्या मनात आलं, “ह्याला विहीर खणायला लावते की काय?”

सोमवारी सकाळी डेअरीवाला धापा टाकत दारात आला.

“रफूवाल्या ताई, भावाला घरी न्या. सकाळी सकाळी चढवून आलाय. माझ्या पाटीची दुरुस्ती करतो म्हणाला आणि तिच्यावरच्या म्हशीला चष्मा रंगवून ठेवला!”

ती धावत गेली. फूटपट्टी फुटपाथवर डब्यांच्या मधे बसला होता. उजवा हात नुसता कापत नव्हता, पंख्याच्या पात्यासारखा हलत होता. पाटीवरच्या म्हशीच्या तोंडावर खरंच काळी वेटोळी पडली होती. बाजूला तो दोनदा ओकला होता. लोक गोळा झाले होते, आणि प्रत्येकाकडे आपापलं मत होतं. “देशी असणार.” “नाही हो, हा वास विदेशीचा.” वास कसलाच नव्हता. तिनं त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन बघितलं होतं.

“ऊठ.”

तो उठला आणि बोटीत उभा असल्यासारखा डुलला. “त...ताई, जमीन सरळ नाहीये,” तो म्हणाला. जिभेवर कुणी दगड ठेवल्यासारखे शब्द येत होते. जन्मात कधी ज्याला रेघ वाकडी दिसली नव्हती, त्याला जमीन वाकडी दिसत होती. हे चढणं नव्हतं. हे उतरणंही नव्हतं. रफूवालीनं दोन्ही बघितली होती.

औषधवाला पायरीवरून उतरून जवळ आला. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. “ताई, घरी नेऊ नका. थेट डॉक्टरीणबाईंकडे न्या, रिक्षा मी थांबवतो.” ती रिक्षात बसत असताना त्यानं तिच्या कानाशी हळूच विचारलं, “तो उंदीर... खरा होता का?”

“चला, लवकर,” ती रिक्षावाल्याला म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला बघताच आडवं केलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढायला लावला. रक्ताचा कागद यायला तास-दीड तास लागला. तेवढ्या वेळात रफूवालीनं दवाखान्याच्या पडद्याला तीन भोकं शोधली. सुई जवळ असती तर बुजवलीही असती.

कागद आला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि चष्मा खाली केला.

“रक्तात औषध फार वाढलंय. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. ह्याचं विष होतंय अंगात. कसं वाढलं? दिवसाला किती गोळ्या घेतोस?”

“दोन,” फूटपट्टी पुटपुटला.

“मोजून दोन?”

“ताई मोजते.”

डॉक्टरीणबाईंनी बहिणीकडे बघितलं. बहिणीनं पडद्याकडे बघितलं.

“हे बघा, मला पोलीस समजू नका. औषध वाढायला कारण असतं. ताप, जुलाब, घाम, पाणी कमी, नाहीतर दुसरी कुठली गोळी. मला खरं कळलं नाही तर मी अंधारात बाण मारणार, आणि पुढे उभा आहे तुमचा भाऊ. ह्याचं मूत्रपिंड जाऊ शकतं. मेंदूवर कायमचा परिणाम राहू शकतो. हा हात असाच राहू शकतो. बोला. आणखी काय पोटात गेलंय?”

“काही नाही,” फूटपट्टी म्हणाला. आणि हे म्हणताना त्याची नजर लाइटवाल्याच्या नजरेसारखी दुसरीकडे गेली.

रफूवालीला ती नजर दिसली. न दिसायला काय झालं? हा खोटं बोलतोय, हे तिला स्वच्छ दिसलं, आणि ओठांवर ‘खोटारड्या’ हा शब्द आलाही. पण तो बाहेर पडायच्या आत तिला स्वतःची बटणांची डबी आठवली. दोन आठवडे ती अख्ख्या रस्त्याचे खिसे उलटे करत होती. एकच खिसा राहिला होता, तिचा स्वतःचा. त्या तोंडानं भावाला काय विचारणार?

“बाई,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक निघाला असेल. “मी घातली. रोज एक जास्त. दुधात कुटून. आठ दिवस. मला वाटलं, हा पुन्हा चढतोय. एक टाका जास्त घालावा...”

सलाईनचा थेंब पडत होता.

“म्हणून खारट होतं!” फूटपट्टीनं मान वळवली. “ताई, तू मला...”

“हो. मीच. शिव्या दे. उठलास की मार. पण आता ह्या बाईंना खरं सांग. ती कोण आहे?”

“कोण, कोण आहे?”

“ती गुलाबी पावडरवाली!”

फूटपट्टी तिच्याकडे बघत राहिला. मग त्या अवस्थेतही त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसला की रडला, सांगता येत नव्हतं.

“पावडर नाही, ताई. गोळी. लाइटवाल्याकडची. तीन शनिवार, एक-एक. त्याच्या कार्यक्रमात सगळे घेतात. रात्रभर नाचता येतं. तहान समजत नाही, भूक समजत नाही.” शब्द अडखळत होते, पण आता थांबत नव्हते. “चार वर्षं मी काठीला मनगट टेकवून जगतोय. सगळं सरळ. झोप सरळ, जेवण सरळ. तो सूर्य... एकोणीस शटरांवरचा... तसा एकसुद्धा मला परत काढता आला नाही. वाटलं, थोडं वर जाऊन यावं. पांढऱ्या तर चालूच आहेत, त्या धरून ठेवतील.”

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. शनिवारची गोळी किती वाजता, त्यावर पाणी किती, उलट्या कधीपासून. मग नर्सला बोलावून दुसऱ्या दोन तपासण्या सांगितल्या. आता त्यांच्या बोलण्यात घाई होती, पण अंधार नव्हता.

“ऐका दोघांनी. हे औषध मीठ-पाण्याच्या वाटेनं चालतं. रात्रभर घाम गेला, पाणी पोटात गेलं नाही, की शरीर जे हाताला लागेल ते धरून ठेवतं. मीठ धरतं आणि मिठाबरोबर हेही. त्यात वरून ताईंची एक. पुरेसं आणि जास्त ह्यांच्यात ह्या औषधात सुताचं अंतर आहे. रफूत एक टाका जास्त चालत असेल, इथं चालत नाही.” मग त्या भावाकडे वळल्या. “आणि तू. पांढरी धरून ठेवेल म्हणालास. ती गुलाबी तुझ्या मेंदूला ढकलून वर नेते. पांढरी खालून पाय ओढते. ही रस्सीखेच चालू असताना दोरी कोण असतं, कळलं का? पोलिसांना मी काही सांगणार नाही. तुझ्या मूत्रपिंडाला मात्र आधीच कळलंय.”

पाच दिवस तो तिथं राहिला. पांढरी बंद, सलाईन चालू, सकाळ-संध्याकाळ रक्त. तिसऱ्या दिवशी जीभ सुटली. चौथ्या दिवशी तो भिंतीला न धरता न्हाणीघरात गेला. हात मात्र घाई करत नव्हता. ‘येईल जागेवर,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ‘बहुतेक’ हा शब्द त्यांनी इतका हळू जोडला की फक्त रफूवालीलाच ऐकू आला. जाताना त्यांनी भावाला बजावलं, “वर जायची ओढ लागली तर माझ्याकडे ये. औषध बदलता येतं, कमी करता येतं. पण ते मी करीन, लाइटवाला नाही.” बहिणीला त्यांनी काही बजावलं नाही, नुसतं बघितलं. तेवढं पुरलं.

लाइटवाला एकदा दाराशी आला. हातात फळं, तोंडात “ताई, कसा आहे आपला पेंटर?”

“मी तुझी ताई नाही. ह्याची होते, तेच कसंबसं निभावतेय.”

ती पुढं आणखीही बोलणार होती, तोंडाला धार लावून झाली होती. पण आतून फूटपट्टी उठून आला. “पोस्टरं दुसऱ्याकडून करून घे,” तो म्हणाला. “माझा हात कापतो.” एवढंच म्हणून त्यानं स्वतः दार लावलं. ते वाया गेलेलं भाषण रफूवालीच्या पोटात दोन दिवस दुखत राहिलं.

उरलेलं पाकीट तिनं औषधवाल्याला नेऊन दिलं.

“उंदीर मेला का?” त्यानं विचारलं.

“शहाणा झाला. आणि भाऊ, पुढच्या वेळी उंदरानं जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मागितल्या तर देत जाऊ नका.”

औषधवाला खाली बघून म्हणाला, “नाही देणार.” एवढं कमी बोलताना त्याला आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

रक्त ठिकाणावर आलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पांढरी पुन्हा सुरू केली, आधीपेक्षा कमी. पहिल्या संध्याकाळी फूटपट्टीनं डबा स्वतः काढून टेबलावर ठेवला. बाजूला पाण्याचा मोठा तांब्या. दूध नव्हतं, दुधाचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं. रफूवाली मुद्दाम खिडकीकडे तोंड करून कुणाच्या तरी पँटचा गुडघा बुजवत बसली.

“ताई, बघ ना.”

“मी बघणार नाही. तुझी गोळी, तुझं तोंड.”

“अगं, तू बघितलं नाहीस तर गिळल्यासारखं वाटत नाही. चार वर्षांची सवय आहे.”

तिनं सुई थांबवली. मान वळवली नाही, फक्त खिडकीची काच जरा ओढून घेतली, तेवढ्यानं तिच्यात त्याचं प्रतिबिंब दिसलं. त्यानं गोळी गिळली, वर पाणी घेतलं, आणि काचेतल्या तिच्याकडे बघून आ केला, जीभ वर केली.

“घोडा,” ती म्हणाली.

गुडघा बुजला होता. सवयीनं सुई कडेला आणखी एका टाक्यासाठी गेली. तिनं ती तिथंच धरली, जरा वेळ बघितली, आणि धागा तोडला. डबा टेबलावर उघडाच होता. त्यात किती उरल्या, हे तिला बसल्या जागेवरून दिसलं होतं. पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.